‘मुलगी देतानाही...’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाड्याने घर घेण्यापूर्वी घरमालकाची आणि इमारतीची चौकशी कशी करावी, या माझ्या लेखावर ‘एक सांगलीकर घरमालक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि दोन दिवस उत्तर द्यायचे टाळले, कारण रागाच्या भरात लिहिलेले मागे घेता येत नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी सगळ्या घरमालकांना एकाच माळेत ओवले, बुडवणाऱ्या भाडेकरूंबद्दल चकार शब्द काढला नाही, पूररेषांच्या बाबतीत घोळ घातला, आणि ‘एवढी चौकशी तर लोक मुलगी देतानाही करत नाहीत, ज्यांना माणसावर विश्वास टाकता येत नाही त्यांनी सांगलीत घर मागायला येऊच नये.’

पूररेषेची चूक मला मान्य आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मी नेमके उलट लिहिले होते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभार मानते. बुडवणाऱ्या भाडेकरूंवर घरमालकांनी अवश्य लिहावे. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता.

आता त्या मुलीच्या वाक्याबद्दल. मी स्वतः एका मुलीची आई आहे आणि हे वाक्य मला लागले, हे लपवण्यात अर्थ नाही. सोयरीक जुळवताना आपल्याकडे कोणी चौकशी करत नाही, असे आपण कोणत्या सांगलीबद्दल म्हणता? मुलाच्या गल्लीतल्या किराणा दुकानापासून त्याच्या मामाच्या गावापर्यंत विचारपूस होते, जमिनीचा सातबारा पाहिला जातो, आणि त्यात वरपक्षाचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. उलट, जे घर विचारू देत नाही तिथे वडीलधारी माणसे पुढे बोलणीच करत नाहीत. मग दरमहा आठ-दहा हजार रुपये आणि वर अनामत रक्कम देणाऱ्या माणसाने घरपट्टीची शेवटची पावती, मिळकत पत्रिका आणि वीजबिलावरची थकबाकी पाहायला मागितली, तर एवढा संताप कशासाठी?

माझा अनुभव सांगते, कारण मी पुस्तकात वाचून लिहिते असेही आपण सुचवले आहे. २०१८ साली आम्ही गावभागात तळमजल्यावरचे घर घेतले. घरमालक गोड बोलणारे होते. ‘पाणी आमच्या अंगणात कधी आले नाही,’ असे त्यांनी चहा पिता पिता सांगितले आणि आम्ही विश्वास टाकला, अगदी आपण म्हणता तसा. भिंतींना साडेचार फुटांपर्यंत ऑइलपेंट आणि वर साधा डिस्टेंपर होता. पुसायला सोपे जाईल म्हणून मला ते आवडले होते. प्लगचे पॉइंट इतके उंच होते की मिक्सरची वायर पोहोचत नसे. भिंतीतल्या कपाटाचे खालचे प्लाय नवे आणि वरचे जुने होते. हे सगळे मी रोज पाहत होते, आणि त्याचा अर्थ मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर भिंती घासताना ऑइलपेंटचे पोपडे निघाले आणि आतल्या गिलाव्यावर खिळ्याने ओढलेली एक रेघ दिसली. रेघेखाली लिहिले होते : २००५.

ती रेघ झाकण्यासाठी रंगावर केलेला खर्च घरमालकांनी आमच्या अनामत रकमेतून दुसऱ्यांदा वसूल केला. पुढे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकार म्हणून त्यांचे नाव टाकले, तेव्हा आधीच्या दोन भाडेकरूंशी चाललेले त्यांचे दावे समोर आले. त्या शोधाला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटेही लागत नाहीत. घर घेण्यापूर्वी ती पाच मिनिटे मी दिली असती, तर मुलीच्या लहानपणीचे फोटो आज माझ्याजवळ असते.

आपण कराराबद्दलही लिहिले आहे की नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद ‘आपल्याकडे चालतो’. चालतो तो कोणी विचारत नाही म्हणून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा आणि अकरा महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. ती केली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर त्याच्या विरुद्ध सिद्ध होत नाही. म्हणजे ज्या कागदाची आपण बाजू घेता, तो घरमालकाच्याच अंगाशी येणारा आहे.

‘अशा चौकशा करणाऱ्याला घर मिळत नाही’ हे आपले वाक्य काही अंशी खरे असेल. मला तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या घरी, आज आम्ही राहतो तिथे, आजोबांनी स्वतः जिन्याशी नेऊन ‘एकोणीसला इथवर’ म्हणत दुसऱ्या पायरीवर काठी टेकवली, आणि मगच वरच्या मजल्यावरची खोली दाखवली. ते आपल्यासारखेच घरमालक आहेत. त्यांच्याविषयी माझ्या लेखात एक वाईट शब्द सापडला, तर दाखवा.

आणि तुम्ही, कारण आता ‘आपण’ म्हणणे मला जड जाते आहे, स्वतःचे नावही न लिहिता मला सांगलीत घर मागू नका असे बजावता? माझे माहेर याच शहरातले आहे. तीस वर्षे खोल्या भाड्याने देता, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर तुमच्या भिंतींनी पाहिले. तुमच्या तळमजल्यावर प्रत्येक वेळी पाणी किती फूट चढले होते, ते पुढच्या प्रतिक्रियेत लिहा. पत्ता नको, आकडे पुरेत.