एकदा लोकांचं झालेलं लेखन परत काढून घेऊ नका

मागच्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमच्या स्टॉलसमोर एक आजी बराच वेळ उभी होती. वाशिमकडची. हातात बाबासाहेबांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकातल्या अग्रलेखांची आमची पुस्तिका. ४८ पानं, सेंटर पिन, १८ पॉइंटचं अक्षर. ओळीखालून बोट फिरवत तिनं अर्धं पान वाचलं आणि म्हणाली, "चष्म्याबिगर दिसते ना बाप्पा!"

ही पुस्तिका मी नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात रात्री बसून लावली. परवानगी कुणाची काढली नाही, कारण लागतच नव्हती. बाबासाहेब १९५६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालं.

समजा त्यानंतर कुणी मुदत ७० वर्षं केली असती आणि जुन्या लेखनालाही लावली असती, तर? २०२६ च्या अखेरपर्यंत हे सगळं पुन्हा बंद. फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर, पण छापायची सोय नाही.

अमेरिकेत असं झालेलं आहे. १९९४ च्या कायद्यानं तिथं मुक्त असलेल्या असंख्य परदेशी कृतींना पुन्हा कॉपीराइट दिला. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकारांच्या रचना छोटे वाद्यवृंद मोकळेपणानं वाजवायचे, त्या महाग झाल्या. लॉरेन्स गोलन हे वाद्यवृंद संचालक आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. २०१२ साली ६ विरुद्ध २ मतांनी हरले. युरोपातही ७० वर्षांचा नियम आला तेव्हा मुक्त झालेलं साहित्य पुन्हा बंधनात गेलं.

परदेशी लेखकांवर अमेरिकेत अन्याय झाला होता, हे मला मान्य आहे. नोंदणी आणि नूतनीकरणाच्या अटींपायी कित्येकांचे हक्क बुडाले. पण त्याची भरपाई, कायदा पाळून छापणाऱ्या-वाजवणाऱ्यानं का करायची? त्यानं कागद घेतला, मेहनत घातली, ती सरकारच्याच शब्दावर.

आपल्याकडे रवींद्रनाथांच्या लेखनाची तेव्हाची ५० वर्षांची मुदत १९९१ अखेरीस संपणार होती, तेव्हा ऐन वेळी वटहुकूम काढून ६० केली. मला तेही पटलेलं नाही. तरी ते लेखन तोवर लोकांच्या हाती आलेलं नव्हतं, एवढा फरक आहेच. जपाननं २०१८ मध्ये आणि कॅनडानं २०२२ मध्ये ५० ची मुदत ७० केली, पण आधीच मुक्त झालेल्याला हात लावला नाही. मुदत वाढवायचीच असली तर निदान एवढी मर्यादा पाळा. मुदतवाढीची मागणी जिथं पुढे येते, त्या व्यापार कराराच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना माझं हेच कळकळीचं सांगणं आहे.

आजीनं दोन प्रती घेतल्या. एक घरी, एक गावच्या विहारात वाचून दाखवायला. जाताना म्हणाली, "पुढचा भाग आणजो बरं दसऱ्याले." तिसऱ्या अग्रलेखाचं प्रूफ आज दुपारी काढलंय.