सगळं येतंय आत!

व्हिडिओ गेमचा कन्सोल घ्यायचा ठरलाय ना? मग एक करा, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलं की शंका येते, शंका आली की विचारावं लागतं, आणि दिवाळीच्या तोंडावर खडेबाजारात काउंटर अडवून विचारत बसणं म्हणजे मागच्या बारा जणांच्या शिव्या खाणं. त्यापेक्षा दुकानदाराच्या हाताकडं बघा. तो खोक्यावर दोन थापा मारतो आणि म्हणतो, "सगळं येतंय ओ आत." झालं. एवढ्यावर निम्मं बेळगाव खरेदी करतंय, तुम्ही कोण मोठे लागून गेलात?

तसे आपण सीमाभागातले लोक 'आत काय आणि बाहेर काय' या विषयातले पंडित. कुठलं गाव कुठल्या राज्यात, याचा वाद 1956 पासून आपल्या पाचवीला पुजलेला. आमच्या गल्लीतल्या एका काकांना महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या 865 गावांबद्दल विचारा, ते तालुकावार सुरू होतात. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानं काय दिलं आणि काय ठेवलं, ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. ह्याच काकांनी नातवासाठी पन्नास हजारांचा खोका घरी आणला आणि त्याच्या बुडावरची सहा ओळींची यादी अजून वाचलेली नाही. चष्मा खिशातच होता.

आणि आमची आत्या बघा. शहापुरात साडी घ्यायला गेली की काउंटरवर अख्खी घडी मोडून पदराच्या टोकापर्यंत जाते. "ब्लाउजपीस ह्यातच हाय की वेगळा?" मिक्सर घेताना तिन्ही भांडी आणि त्यांची झाकणं मोजते. गणपत गल्लीत भाजी घेतली की वर कढीपत्त्याच्या चार काड्या सुटत नाहीत. असल्या बाईला कन्सोल घ्यायला चुकूनही बरोबर नेऊ नका. ती विचारेल, "ह्यात गेम किती येतात?" आणि दुकानदाराची सगळी लयच बिघडून जाईल.

मी नेली नाही. भाच्याला वाढदिवसाला द्यायचा म्हणून एकटाच गेलो, दोन खोक्यांतला स्वस्त उचलला. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, मग जास्त पैसे कशाला? घरी आत्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भाच्यानं एका मित्राकडून आधीच एक डिस्क मागून आणली होती. ती हातात धरून तो कन्सोलभोवती फिरायला लागला. आधी पुढून, मग मागून, मग मोबाइलची बॅटरी लावून खालून. "मामा, घालायची फट कुठाय?" मी म्हटलं, असेल कुठंतरी, नीट बघ. आत्यानंही बघितलं. नारळाचं पाणी तेवढं एका बाजूला ओघळलेलं सापडलं, फट सापडली नाही.

खोक्यावर तसं 'डिजिटल' असं ठळक छापलेलं होतं. पण मला वाटलं, हल्ली सगळंच डिजिटल असतंय. वजनकाटा डिजिटल, घड्याळ डिजिटल. ह्यात डिजिटल म्हणजे डिस्क चालत नाही, हे काय सांगून कळायचं? सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा डिस्कवाला 49,990 ला होता आणि डिजिटल 39,990 ला. मधले दहा हजार त्या फटीचे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस ह्या कन्सोललाही फट नाही. 2024 च्या नोव्हेंबरात बाहेरदेशी आलेला प्लेस्टेशन 5 प्रो तर सगळ्या प्लेस्टेशनांत महाग, आणि डिस्क ड्राइव्ह त्याच्याही खोक्यात नाही, वेगळा घ्या. म्हणजे स्वस्तात नाही म्हणून नाही, आणि महागातही नाही.

त्यामुळं फट नसलेला घेताना अजिबात विचार करू नका. मित्राची डिस्क चालत नाही, खेळून झालेला गेम विकता येत नाही, रविवारी कुणाकडून अदलाबदल करून आणता येत नाही. सगळं ऑनलाइन दुकानातून, ते सांगतील त्या भावात. शिवाय गेम शंभर जीबीचा असला, तर 30 एमबीपीएसच्या नेटवर तो उतरायला सात-साडेसात तास लागतात. तेही मधे लाईट गेली नाही तर. जूनमध्ये आमच्याकडं पाऊस आणि लाईट एका वेळी घरात नसतात. पोरगं केक कापून टीव्हीसमोर बसतं ते टक्केवारी बघायला. अकरा टक्के. बारा टक्के. पाहुणे जेवून घरी जातात, तेव्हा एकोणीस.

"पण गेम आत आहे असं खोक्यावर चित्र होतं की!" होतं. चित्राखाली बारीक अक्षरांत 'व्हाउचर' असंही होतं. असल्या खोक्यात गेमची डिस्क नसते, एक कागदाची चिठ्ठी असते. तिच्यावर आकडे आणि अक्षरं, ती एकदाच चालणार, आणि वापरायची मुदतही ठरलेली. ही चिठ्ठी मात्र काळजीपूर्वक हरवा. प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुठ्ठा रद्दीवाल्याला देताना त्यातच घातली की काम सोपं होतं. निन्टेंडोनं तर 2025 च्या स्विच 2 ह्या कन्सोलबरोबर काही गेमची कार्डंच अशी काढली की त्यात गेम नाही, फक्त किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्डही आत घालून ठेवायचं.

आता रिमोट. (त्याला कंट्रोलर म्हणतात, पण आमच्यात पंख्यापासून गेटपर्यंत सगळ्याला रिमोटच.) नव्वदीच्या दशकात आमच्याकडं जो टीव्ही गेम होता, त्यात दोन रिमोट, बदकं मारायची एक बंदूक, अडॅप्टर, टीव्हीची वायर आणि '9999 इन 1' ची कॅसेट, सगळं एका थर्मोकोलात. कॅसेटमध्ये खरे गेम पंधरा-वीसच, बाकी तेच नाव बदलून, पण फसवणुकीतसुद्धा दानत होती. आताच्या खोक्यात बहुधा रिमोट एकच येतो. म्हणून भावंडं दोन असतील, तर आवर्जून एकाच रिमोटवर आणा. दुसऱ्याची किंमत ऐकून तुम्ही मोठ्याला म्हणाल, "तू आज बघ, उद्या खेळ," आणि घरात जो सीमावाद सुरू होईल, त्याला कुठलाही आयोग पुरणार नाही. एक्सबॉक्सच्या रिमोटबरोबर दोन पेन्सिल सेल येतात, चार्जिंगचं काही येत नाही. ते सेल संपले की भिंतीवरच्या घड्याळातले काढायचे. आमच्या घरात त्यामुळं बरेच दिवस पावणेचारच वाजत होते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. खोक्यावर 825 जीबी लिहिलेलं असलं, तरी पहिल्या प्लेस्टेशन 5 मध्ये तुमच्या हाताला साधारण 667 लागतात. सिरीज एसच्या 512 मधले 364 च. बाकीचं कन्सोल स्वतःला ठेवून घेतो, दलालासारखं. नव्या बारीक प्लेस्टेशन 5 ला आडवा ठेवायला दोन छोटे पाय मिळतात, उभा करायचा तर स्टँड वेगळा. विकत घेतलेला गेम चार पोरांबरोबर नेटवरून खेळायचा तर बहुतेक ठिकाणी वर्गणी वेगळी, जिमसारखी. ती भरल्यावर पोराला विचारा, "ह्यात व्यायाम पण होतोय काय?" एचडीएमआयची वायर येते, ती जिथं लागते तो टीव्ही येत नाही. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा डबा टीव्ही अजून जपून ठेवला असेल, तर शाब्बास, दाराशी ठेवून भाड्यानं बघायला द्या.

दुबईहून पाहुण्यानं आणलेला असेल, तर मग विचारूच नका. पिना जाड चपट्या, आपल्या भोकात जात नाहीत. वॉरंटी तिकडची. इथं विकायच्या खोक्यावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि करांसकट कमाल किंमत छापलेली असावी, असा 2011 चा पॅकबंद मालाचा नियम आहे. पण तुम्ही खोका वाचतच नाही म्हटल्यावर तो चिकटपट्टीखाली दडला काय आणि नसला काय. आणि पाहुण्यानं आणलेला तो निन्टेंडोचा छोटा 'स्विच लाइट' असेल, तर त्याला टीव्हीशी जोडायची वायर शोधत बसू नका. तो टीव्हीला जोडताच येत नाही.

फसलात तर ग्राहकांसाठी 1915 नंबर आहे म्हणतात, पण तिथं फोन केला की पहिला प्रश्न हमखास बिलाचा. मी बिल घेतलंच नव्हतं. "पक्कं बिल पाहिजे तर भाव वेगळा पडंल ओ," एवढं ऐकूनच मला मोठेपणा आला होता.

भाच्यानं पुढं महिनाभर मित्राच्या घरी जाऊन तीच डिस्क खेळली. डिस्क परत करायला सांगितलं, तर मित्र म्हणाला, राहू दे, माझा गेम संपला. मग ती टीव्हीवर पडून होती. एप्रिलमध्ये आत्यानं गच्चीवर पापड वाळत घातले, डिस्कच्या मधल्या भोकातून सुतळी ओवली आणि दोरीला टांगली. उन्हात गरागरा फिरते, चकाकते. कबुतर एक येत नाही. आत्या म्हणते, "बाकी काय आलं नसंल, हे तेवढं बरं आलं बघ."