अक्काची जट, माझे लॉक्स

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर चुलतभावानं एक पोस्ट टाकली. मथळा असा: अमेरिकेत जटांना कायद्याचं संरक्षण, आणि आपल्याकडं मात्र कात्री घेऊन बायाबापड्यांच्या मागं लागायलेत. खाली फोटो माझा, ह्यूस्टनच्या आमच्या अंगणात दिवाळीला काढलेला. खांद्याखाली आलेले बासष्ट लॉक्स, म्हणजे मुद्दाम करून घेतलेल्या बारीक जटा, त्यातल्या दोनांत चांदीचे मणी. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मग नांदेडच्या मामेबहिणीनं लिहिलं. ती शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जटनिर्मूलनाच्या कामाला जाते. "ताई, तुझी ती फॅशन अन् आमच्या गावातल्या बाईची ती अंधश्रद्धा, असं कसं?"

भावाला उत्तर द्यायला दहा मिनिटं पुरली. तिला द्यायला महिना गेला.

आधी भावाचं. तो कायदा देवीच्या जटेसाठी नाही. 2019 साली कॅलिफोर्नियानं तो पहिल्यांदा केला, आमच्या टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2023 पासून लागू झाला. काळ्या लोकांचे केस जसे उगवतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जसे बांधले जातात, म्हणजे वेण्या, लॉक्स, पीळ, त्यावरून नोकरी नाकारायची नाही, शाळेतून काढायचं नाही, असं त्यात आहे. तेवढंही पुरलं नाही. ह्यूस्टनच्या पूर्वेला मॉन्ट बेल्व्ह्यू म्हणून गाव आहे. तिथल्या एका काळ्या पोराला लॉक्स लांब आहेत म्हणून महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं की कायद्यात केसांच्या प्रकाराचा उल्लेख आहे, लांबीचा नाही, तेव्हा शाळेचा नियम कायद्याच्या विरोधात जात नाही. माझ्या ऑफिसातल्या सहकारिणीचा मुलगा त्याच वयाचा आहे. ती मला म्हणाली, "तुला कंटाळा आला की तू कापशील आणि पुन्हा सरळ केसांची होशील. त्याचे उगवतातच तसे." यावर मी काय बोलणार?

भाऊ, तिकडं दुसराच कुणीतरी कात्री घेऊन उभा आहे म्हणून कायदा लागला. आपल्याकडं बाईला स्वतःच्या डोक्याला कात्री लावायची सोय नाही, हे दुखणं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला कसं चालेल?

आता अक्का. अक्का म्हणजे माझी मोठी आत्या. हदगाव तालुक्यातल्या आमच्या घरी तिचा जन्म गेला. मनगटाएवढी जाड जट, पदराखाली बांधलेली. मंगळवारी-शुक्रवारी जटेला तेलाचं बोट आणि भंडारा, पाणी मात्र नाही. पाणी लावलं तर देवी कोपते असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं. पावसाळ्यात वास यायचा. मान कायम डावीकडं कललेली. रात्री ती जट उशाशी वेगळी ठेवायची, तान्हं लेकरू निजवावं तशी.

नवरात्रात बायका तिच्या पाया पडायच्या. परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागायची, वर्षाआड माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायची, आणि ते नऊ दिवस घरात तिचा शब्द खाली पडत नसे. उरलेलं वर्षभर तीच अक्का गोठ्यातलं शेण काढायची. जटेवर बोलताना हे नऊ दिवस जे विसरतात त्यांचं बोलणं मला अर्धं वाटतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला गावात दुसरा कुठला मान मिळणार होता?

जट आली दुसऱ्या बाळंतपणानंतर. बाळ गेलं, तिचा ताप महिनाभर हटला नाही, आणि केसांत फणी कुणी घातली नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, बाळंतिणीचे तर पुढं काही महिने जास्तच. न विंचरलेल्या डोक्यात गळलेले केस बाहेर पडत नाहीत, शेजारच्या केसांत अडकतात, त्यात तेल-घाम-धूळ बसते. झाली जट. यात देवीचा हात शोधणारे आपणच पहिले नाही. पोलंडमध्ये एकोणिसाव्या शतकातही लोक अशी जट कापायला घाबरायचे, कापली तर आंधळेपण येईल, रोग आत जाईल म्हणून. क्राकोवच्या योझेफ डिटल नावाच्या डॉक्टरनं त्याविरुद्ध मोहीम काढली होती. तिकडं रेणुका नव्हती, पण भीती अगदी आपल्यासारखी.

ती भीती मला माहीत आहे, आणि पुस्तकातून नाही. 2020 च्या टाळेबंदीत, घरातून काम, मुलगी अंगावर पिणारी, मी आठवडेच्या आठवडे अंबाडा सोडला नाही. एक दिवस मानेमागं हात गेला तर सुपारीएवढी गाठ. तेलानं सुटेना, फणीनं सुटेना. कात्री घेतली आणि आरशासमोर हात थांबला. एम.टेक. झालेली बाई मी, पंधरा मिनिटं तशीच उभी होते, कारण शेजारच्या खोलीत लेक झोपलेली होती आणि तिला काही झालं तर? मग कापली. काही झालं नाही. आठवड्यानं तिला साधी सर्दी झाली, तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू.

वर्षभरानं मी लॉक्स करून घेतले. का, ते नीट सांगता येत नाही. रंगरूप आवडलं होतं हे खरं, आणि जी गोष्ट घाबरत कापली ती न घाबरता ठेवून बघू, असंही काहीतरी डोक्यात होतं. करणारी बाई मूळ जमैकाची. माझे केस सरळ आणि निसरडे, पीळ ठरेना, म्हणून तिनं बारीक आकड्याच्या सुईनं एकेक लॉक आतून ओवला. दोन बैठका, मिळून नऊ तास. मग तिची शिस्त: आठवड्याला धुवायचे, साबण आत राहू द्यायचा नाही, टॉवेलात दाबून पाणी काढायचं, गाभ्यापर्यंत वाळल्याशिवाय झोपायचं नाही, नाहीतर आत बुरशी धरते. रात्री सॅटिनचा रुमाल. दीड महिन्यानं मुळाशी पुन्हा ओवणं. तिच्या तोंडून मी 1963 ची कोरल गार्डन्सची हकिगत ऐकली. जमैकाच्या पोलिसांनी धर्म म्हणून जटा राखणाऱ्या रास्ताफारी पंथाच्या लोकांना धरून मारलं, जटा कापल्या, आणि सरकारनं माफी मागितली ती थेट 2017 साली. 1845 पासून आपले मजूर त्या बेटावर गेले, गांजा हा शब्द त्यांच्याबरोबर पोचला. जटाही भारतातल्या साधूंकडून आल्या असं म्हणणारे आहेत, त्या आफ्रिकेच्याच असं ठासून सांगणारेही आहेत. तिला विचारलं तर म्हणाली, "डोकं खाली कर."

गेल्या वेळी गावी गेले तेव्हा नांदेडहून एसटीनं निघाले. अर्धापूरच्या पुढं शेजारची म्हातारी माझ्या डोक्याकडं बघत हात जोडून म्हणाली, "कोणत्या देवीची गं माय?" मी म्हटलं, देवीची नाही, हौसेची आहे. तिनं ते ऐकलंच नाही. पदराच्या गाठीतली दहाची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली आणि मूठ दोन्ही हातांनी मिटवली. परत देऊ गेले तर तिचा चेहरा असा झाला की मी नोट ठेवून घेतली. भावानं ग्रुपवर माझा फोटो टाकला तेव्हा मला ती म्हातारी आठवली. ती निदान फसवत नव्हती.

तर बहिणाबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी पहिली गाठ कापू शकले. हे लॉक्स रोज पाण्याखाली धरते, आणि उद्या काढले तर कुणी माझ्याकडं बोट दाखवून ताप, साप, दुष्काळ मोजणार नाही. अक्काला यातलं काहीच नव्हतं. तुमच्या कात्रीच्या बाजूनं मी आहे. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि त्यानंतरही तुम्ही उन्हातान्हात एकेका घरी चार-चार चकरा मारता. तुम्हाला शहाणपण शिकवताना माझी जीभ जड होते. तरी एक खुपतं ते सांगते. कापलेली जट हातात धरलेल्या बाईचा चेहऱ्यासकट फोटो तुम्ही फिरवता, तो बंद करा. माझा फोटो न विचारता फिरला तर मला किती लागलं ते तू बघितलंसच. आणि कापून झाल्यावर नवरात्रात एकदा तिच्या घरी जा. त्या नऊ दिवसांत आता तिला कोण विचारतं, ते बघा.

आईनं या खेपेला पहिले दोन दिवस माझ्या डोक्याकडं बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी न्हायला निघाले तर म्हणाली, "बस पाटावर." शिकेकाई उकळून ठेवली होती. चोथा आत अडकतो म्हटल्यावर तिनं ती धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली. मग एकेक लॉक हातात घेऊन धुतला, टॉवेलात गुंडाळून दाबला, दुसरा घेतला. बासष्ट. मला वाटलं मधेच सोडेल, पण नाही सोडलं. गच्चीवर मी उन्हाला पाठ करून बसले. दुपार टळली तरी ती दर अर्ध्या तासानं वर यायची, एखादा लॉक चिमटीत धरून दाबायची आणि विचारायची, "आतून वाळलं का गं?"

पाचव्या-सहाव्या खेपेला ती खाली गेली नाही. तो लॉक हातात तसाच धरून म्हणाली, "अक्काच्या जटेला आमच्यातल्या कुणी हातच लावला नाही बग. तीस वर्सं."