जुना ट्रॅक्टर रस्त्यानं नेताना: ‘हळूच तर जायचंय’ हा धोकादायक सल्ला

सध्या एक मेसेज फिरतोय. जुना ट्रॅक्टर दुसरीकडे न्यायचा तर काळजी कशाला? तो हळू चालतो, त्यामुळे ब्रेक जेमतेम असले तरी भागतं. उतारावर न्यूट्रल करा, डिझेल वाचेल. बंद पडलेला असेल तर दोर लावून ओढा. ट्रकवर चढवलाच तर गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला की काम झालं. हा मेसेज वाचून कुणीतरी खरंच असं करेल, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘हळू चालतो, ब्रेकचं काय एवढं?’ बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि प्रत्येक चाकाचं पेडल वेगळं असतं. शेतात जागेवर वळायला ते सोयीचं पडतं. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं पट्टीनं जोडलेलीच हवीत, नाहीतर घाईत एकावरच पाय पडतो आणि ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. जुन्या ट्रॅक्टरची ही पट्टी बहुधा वाकलेली, तारेनं बांधलेली, नाहीतर गायबच असते. ती असली तरी दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते मोकळ्या जागेत पाहा. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल, तर बऱ्याचदा अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळून लायनिंगला (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराला) तेल लागलेलं असतं. तेल लागलेली लायनिंग नुसती पुसून पुन्हा बसवू नका, बदला.

पुढची चाकं जॅकवर उचलून हातानं हलवा. वरखाली खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ), डावीउजवीकडे खडखडलं तर टाय रॉडचे, म्हणजे स्टीअरिंगनं चाकं वळवणाऱ्या दांड्याचे जोडही तपासा. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भिंतीला भेगा आहेत का, ते बघितल्याशिवाय निघू नका.

‘हळू’मध्ये आणखी एक धोका आहे, तो मागून येतो. तुम्ही ताशी 20 किलोमीटरनं चाललाय आणि मागची गाडी 80 नं येतेय. 100 मीटरचं अंतर ती 6 सेकंदांत संपवते. मागचे दिवे, रिफ्लेक्टर आणि संथ वाहनाचा त्रिकोण हवेतच, आणि प्रवास दिवसाउजेडी करायचा.

‘उतारावर न्यूट्रल.’ सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत जास्त भीती याची वाटते. गिअरमध्ये असताना इंजिन ट्रॅक्टरला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की तो धरबंध सुटतो आणि ट्रॅक्टर त्याच्या टॉप गिअरपेक्षाही जास्त वेगानं पळू शकतो. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी त्या दोन जुन्या ब्रेकांनी पचवायची. मग गिअर परत टाकू म्हणाल, तर जुन्या गिअरबॉक्समध्ये त्या वेगाला दात नुसते करकरतात, लिव्हर आत जात नाही. क्लच दाबून उतरणंही तेच. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाकायचा आणि खाली पोचेपर्यंत बदलायचा नाही.

‘दोर लावून ओढा.’ दोर फक्त ओढतो, अडवत नाही. पुढच्यानं ब्रेक मारला की मागचा दीडदोन टनांचा ट्रॅक्टर त्याच्यावर जाऊन आदळतो. दोर सैल पडून पुन्हा झटका बसला की तुटतो आणि चाबकासारखा उलटा येतो. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते दगडासारखं जड होतं. रस्त्याच्या कडेला घेण्यापुरता ओढायचा तर कडक टो-बार (ओढायचा लोखंडी दांडा) वापरा, चालत्या माणसाच्या वेगानं. आणि ओढणाराही ट्रॅक्टरच असेल तर त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठी मागे दिलेल्या लोखंडी पट्टीलाच) जोडा. टॉप लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला जोडलात तर ओढणाराच मागे उलटू शकतो. त्यापुढचं अंतर ट्रकवरूनच.

‘गिअर आणि हँडब्रेक पुरे.’ आधी चढवण्याचं बोलू. उभ्या रॅम्पवर इंजिनच्या जोरावर तोंड पुढे करून चढवलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि पाय क्लचवर पोचेपर्यंत ट्रॅक्टर मागे पडलेला असतो. रॅम्प लांब आणि कमी चढाचा हवा. शक्य तिथे विंचनं ओढा, आणि रॅम्पच्या मागे कुणाला उभं राहू देऊ नका.

वर चढल्यावर गिअर आणि हँडब्रेक लावायचेच, चाकांना लाकडी ठोकळेही द्यायचे. पण हे सगळं चाक फिरणं थांबवतं, ट्रॅक्टरचं उसळणं थांबवत नाही. मोठे टायर खड्ड्यात चेंडूसारखे दबतात आणि उसळतात. म्हणून चार कोपऱ्यांना चार चेन हव्यात, दोन पुढे ओढणाऱ्या, दोन मागे. त्या अ‍ॅक्सलला किंवा चेसिसला बांधा, टाय रॉडला कधीच नाही. अवजारं उचलणारी मागची लिफ्ट खाली टेकवा, बॉनेट दोरीनं बांधा, आणि उभ्या सायलेन्सरच्या टोकापर्यंतची उंची जमिनीपासून टेपनं मोजून ट्रकवाल्याला सांगा.

निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच ट्रक बाजूला घ्या. प्रत्येक चेन हातानं ओढून पाहा, एखादी तरी सैल झालेली सापडतेच. ती आवळा, मग पुढे चला.