म्हणे जेजेने भारतीय कला मारली!

भाचीची बारावी झाली, तिला जेजेत, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या चित्रकलेच्या शाळेत जायचंय. नेमका त्याच आठवड्यात दादाने, म्हणजे तिच्याच बापाने, घरच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज टाकला: ‘जेजे ही इंग्रजांनी नकलाकार बनवायला काढलेली शाळा. तिने भारतीय कला मारली. मोठा चित्रकार तिथे कधी शिकलाच नाही. तिथून निघालेले उपाशी मरतात.’ खाली चार अंगठे. पोरगी गप्प.

इंग्रजांची? सरकार त्यांचं होतं, पण १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेसाठी एक लाख रुपये दिले ते पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी. ‘जेजे’ हे नाव त्यांचंच. हेतू कारागीर घडवण्याचा होता आणि ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन गिरवून घ्यायचे, एवढं खरं. बरं, मान्य.

पण ‘भारतीय कला मारली’ हे वाचून डोकंच फिरलं. १८७२ ते १८८५ या काळात तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. अंधाऱ्या लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रं या मुलांनी कॅनव्हासवर उतरवली. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यातल्या बऱ्याच प्रती लंडनला १८८५ च्या आगीत जळाल्या. तरी १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन जाडजूड खंड निघाले. मूळ भिंतींचे पोपडे तेव्हापासून पडतच आलेत. तिथे काय होतं हे पाहायला आजही अभ्यासक ते खंड उघडतात. (ग्रिफिथ्सनी चित्रांवर व्हार्निश फासलं आणि ते पुढे बाधलं, हेही सांगते, नाहीतर दादा शोधून काढेल.) ज्या शाळेच्या पोरांनी अजिंठा हाताने गिरवला, तिने म्हणे भारतीय कला मारली!

मोठे चित्रकार? रझा, गायतोंडे, तय्यब मेहता. तिघेही जेजेचे. आर. के. लक्ष्मण यांना तिथे प्रवेश नाकारला आणि चित्रकार एफ. एन. सूझांना शिकत असताना काढून टाकलं, हे मात्र खरं. शाळेला लाज वाटावी असंच आहे ते. पण सूझांनी १९४७ साली आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला त्यात रझा होतेच. चित्र काढणारी ही पोरं एकमेकांना भेटायला एक आवार लागतंच ना?

उपाशी मरण्याबद्दल काय बोलायचं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, एवढंच.

दादा, सीईटीचा फॉर्म मी भरतेय. फीसुद्धा माझ्याकडून.