निकालाचे सोंग घेऊन येणाऱ्या जाहिराती

काल दुपारी माझ्या मुलीला आलेल्या ईमेलचा विषय असा होता: ‘अभिनंदन! तुमची गुणवत्ता शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे.’ पाठवणारे एक खासगी विद्यापीठ होते, पण त्याचे नाव मोबाइलच्या पडद्यावर दिसतच नव्हते. पाठवणाऱ्याच्या जागी केवळ ‘शिष्यवृत्ती विभाग’ एवढेच लिहिलेले होते. तिने प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून तेवढे वाचले आणि ताबडतोब मला फोन लावला. “पप्पा, आलं! शिष्यवृत्तीचं आलं!”

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. तिचा आवाज इतका मोठा होता की समोर बसलेल्या सहकाऱ्यालाही तो ऐकू गेला, त्याने शिलाई खात्यातल्या बायकांना सांगितले, आणि माझी लेक लहानपणापासून पाहिलेल्या त्या बायकांनी यंत्रे थांबवून माझे अभिनंदन केले. थोड्याच वेळात तिचा पुन्हा फोन आला. ती एवढेच म्हणाली, “पप्पा, ती जाहिरात होती. कुणाला सांगितलं नाहीत ना?”

संध्याकाळी मी तो ईमेल स्वतः वाचला. वर पदवीची टोपी हवेत उडवणाऱ्या मुलामुलींचे छायाचित्र, त्याखाली माझ्या मुलीचे नाव, तेही चुकीचे लिहिलेले, आणि त्याखाली सेकंद मोजणारे घड्याळ. ही ‘मंजूर’ शिष्यवृत्ती ४८ तासांत रद्द होणार होती. लाल रंगाचे ठळक बटण दाबून जागा राखून ठेवण्याचे शुल्क आजच भरा, असा आग्रह होता. सगळ्यात तळाशी, करड्या रंगात, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरांत खरी गोष्ट होती: सवलत फक्त पहिल्या वर्षाच्या शिकवणी शुल्कात, पुढच्या वर्षी ८.५ श्रेणी गुणांक असेल तरच, आणि वसतिगृह, खानावळ, विकास निधी हे सगळे वेगळे व सक्तीचे. तिने कधीही अर्ज केलेला नाही अशा संस्थेने तिला काय मंजूर केले, हे त्या संस्थेतल्या एका तरी माणसाने मला समोर बसून सांगावे.

ती वाट पाहते आहे ती केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. बारावीला आपल्या मंडळात, आपल्या शाखेत, गुणानुक्रमे वरच्या २० टक्क्यांत असायला हवे आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. देशभरात दरवर्षी अशा ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यातल्या निम्म्या मुलींसाठी असतात. ज्यांच्या घरी असा अर्ज भरला गेला आहे, त्यांना बाकीचे सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची नोंदणी, महाविद्यालयाची पडताळणी, मग वरच्या पातळीवरची पडताळणी, आणि त्यानंतरची ती लांबच लांब शांतता. १२,००० रुपये ही काहींना किरकोळ रक्कम वाटेल, पण आमच्या घरात तिची पुस्तके, बसचा पास आणि परीक्षा शुल्क त्यातून भागणार आहे, आणि ते तिने स्वतःच्या गुणांवर मिळवलेले असेल. ही शिष्यवृत्ती चालू ठेवायची अटही सरळ आहे: ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती. त्यासाठी कुणी घड्याळ लावून धमकावत नाही.

जो निकालाची वाट पाहतो, त्याला आलेला प्रत्येक संदेश उघडावाच लागतो. कोणता खरा असेल ते आधी कळत नाही, आणि खरा चुकला तर वर्ष वाया जाईल ही भीती असते. या लोकांना ते पक्के ठाऊक आहे आणि ते नेमके तिथेच बोट घालतात. अर्जाची स्थिती पाहायला पोर्टल उघडावे तर तेच एक वाक्य दिसते, आणि तोवर खोट्या अभिनंदनांनी मोबाइल भरून जातो.

हे काही कालपासूनचे नाही. सीईटीच्या केंद्राबाहेर, सोलापूरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, टोपी घातलेली पोरे पाण्याची बाटली आणि पेन फुकट वाटत होती, आणि त्या बदल्यात नाव, मोबाइल क्रमांक व ईमेल लिहून घेत होती. तीन तासांचा पेपर देऊन, घसा कोरडा पडलेल्या अवस्थेत बाहेर आलेल्या मुलांकडून घेतलेली ती माहिती! त्यानंतर एका मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शनाचा मेळावा झाला, तिथे तर नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नव्हते. ते क्रमांक पुढे कुणाकुणाच्या हाती गेले कोण जाणे. ज्या गावाचे नावही आम्ही ऐकले नव्हते, तिथल्या महाविद्यालयांचे फोन तेव्हापासून सुरू आहेत, आणि प्रत्येकाकडे ‘शेवटच्या तीनच जागा’ शिल्लक असतात. जूनमध्ये तीन होत्या, दिवाळीनंतरही तीनच आहेत.

एकाने तर कुरिअरने धनादेशासारखा छापलेला जाड कागद पाठवला. त्यावर मुलीचे नाव, दोन लाख रुपयांचा आकडा, खाली कुणाची तरी झोकदार सही. माझ्या आईला वाचता येत नाही. तिने तो देवघरात ठेवला, त्याला हळदकुंकू लावले आणि संध्याकाळी शेजारच्या मावशींना दाखवायला बोलावले. त्या कागदाची किंमत शून्य आहे हे तिला मला समजावून सांगावे लागले, आणि त्याबद्दल मी त्या संस्थेला कधीही क्षमा करणार नाही.

थांबवायचे म्हणावे तर मार्ग तरी कुठे आहेत? १९०९ वर नोंद करून शैक्षणिक जाहिरातींचे एसएमएस बंद करता येतात, ते मी केले आणि एसएमएस कमी झालेही. पण ती नोंद ईमेल आणि व्हॉट्सअॅपला लागू होत नाही, म्हणून आता सगळा मारा तिकडून होतो. ईमेलच्या तळाशी ‘नावनोंदणी रद्द करा’ असे लिहिलेले असते, ते दाबले की आधी मोबाइल क्रमांक भरा म्हणून सांगतात. संसदेने २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. हे माझ्या मुलीच्या इनबॉक्सपर्यंत पोहोचणार केव्हा?

आज सकाळी त्याच विद्यापीठाकडून फोन आला. “सर, मॅडमच्या ॲडमिशनचं काय ठरवलं?” मी म्हणालो, “अहो ताई, माझी मुलगी कधीपासून बीएस्सीच्या पहिल्या वर्षात शिकते आहे.” त्यावर क्षणभरही न थांबता उत्तर आले, “मग सर, सेकंड इयरला आमच्याकडे ट्रान्सफर घ्या ना, स्कॉलरशिप तर मंजूरच आहे.” त्या मुलीवर माझा राग नाही, तिला समोर ठेवलेला कागद वाचावा लागतो. तो कागद लिहिणाऱ्यांवर आहे. म्हणून मी त्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना रजिस्टर पत्र पाठवले आहे: माझ्या मुलीचा ईमेल तुम्हाला कुणी दिला, कधी दिला आणि किती पैशांना दिला, हे लेखी कळवा. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी त्याच मजकुराचे नवे पत्र त्यांच्या टेबलावर पडेल.