संस्कृती कोणाची, हे आधी ठरवा

आंतरराष्ट्रीय मानवी हक्क स्थानिक संस्कृतीच्या मुळावर येतात, असा मुद्दा एका लेखात वाचला, तो अजिबात पटला नाही. कॅनडातल्या सॅन्ड्रा लव्हलेस यांचं प्रकरण बघा. मालिसीट या आदिवासी समाजात जन्मलेल्या या बाईंनी १९७० मध्ये समाजाबाहेर लग्न केलं आणि 'इंडियन अॅक्ट' या कॅनडातल्या आदिवासींविषयीच्या कायद्यानुसार त्यांचा आदिवासी दर्जाच गेला. पुरुषाने असं लग्न केलं तर त्याचा दर्जा कायम, उलट बायकोलाही तो मिळायचा! घटस्फोटानंतर त्या टोबिकच्या राखीव वस्तीत परतल्या, पण तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क उरला नव्हता. आदिवासींच्या संरक्षणासाठीच असे नियम लागतात, असं सरकारचं म्हणणं. अहो, पण ही वडिलांकडून वंश मोजायची सक्ती १८६९ च्या वसाहतवादी कायद्यातून आलेली!

१९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम २७ चा आधार घेतला. आपल्या माणसांत राहून आपली भाषा, संस्कृती जगण्याचा लव्हलेस यांचा हक्क डावलला गेला, असा निर्वाळा दिला. म्हणजे त्यांची ओळख आंतरराष्ट्रीय कायद्याने हिरावली नाही, उलट राखली. १९८५ मध्ये कॅनडाने कायदा बदलला, तोही अर्धवट. अशा बायकांच्या नातवंडांना हा दर्जा मिळावा म्हणून पुढे कित्येक वर्षं लढावं लागलं.